कुलूप, किल्ली आणि अक्षरे



समजा, एका कारखानदाराने स्वतःचे भांडवल घालून, पगारावर माणसे ठेवून एक माल घडवला. तो बाजारात विकून त्यावर कारखाना चालवला. आणि एके दिवशी त्या मालाची सगळी घडण, मापे आणि आतले कसब चव्हाट्यावर मांडून तो म्हणाला, "ज्याला हवे त्याने न्यावे, वापरावे, त्यात फेरफार करावा आणि इतरांस वाटावे." अशा माणसाला आपण काय म्हणू? कोणी दानशूर म्हणेल, कोणी वेडा म्हणेल, आणि बाजारात मुरलेला मनुष्य म्हणेल की यात काहीतरी डाव आहे.

संगणकाच्या धंद्यात हा प्रसंग गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुष्कळदा आला आहे. विकण्यासाठी तयार केलेले सॉफ्टवेअर जगाला खुले करावे की करू नये, हा तो प्रश्न होय. अशा खुल्या केलेल्या सॉफ्टवेअरला आज मुक्तस्रोत म्हणतात. हा प्रश्न साता समुद्रापलीकडचा आहे असे समजून त्याकडे पाठ फिरवणे बरोबर होणार नाही. आपल्या मराठी अक्षरांच्या बाबतीत तो पुण्यामुंबईत येऊन गेला आहे. त्याचा इतिहास आज आपणांसमोर ठेवावा, आणि त्यातून एका कामगार कार्यकर्त्याला जो बोध होतो तोही सांगावा, असा माझा विचार आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. आपल्या भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांतून स्टीलची भांडी तयार होतात. पत्र्याची चकती कापतात, प्रेसवर डाय लावून ती दाबतात, कडा वळवतात, पॉलिश करतात. तयार डबा मी आपणांस दिला तर तो माझ्या हातून गेला. एकच डबा दोन घरांच्या फळीवर राहत नाही. सॉफ्टवेअरचे तसे नाही. त्याची प्रत दुसऱ्याला दिली तरी मूळ वस्तू देणाऱ्यापाशी शिल्लक राहते, आणि हजारावी प्रत काढायला जवळजवळ काहीच लागत नाही. जो काही खर्च असतो तो पहिल्या प्रतीवर होऊन गेलेला असतो, आणि तो मुख्यतः माणसांच्या पगाराचा असतो. तो वसूल कसा करायचा, या चिंतेतून मालक कुलूप लावतो.

कुलपाची रीत अशी, की गिऱ्हाइकाला मिळते ते फक्त यंत्राला कळेल असे रूप. माणसाने माणसाला वाचता येईल असा जो मूळ मजकूर लिहिला, तो मालकाच्या तिजोरीत राहतो. दुकानात तयार मसाला मिळतो, कृती मिळत नाही, तसाच हा प्रकार. मुक्तस्रोत करणे म्हणजे मसाल्याबरोबर कृतीही देणे, आणि ती बदलून आपला मसाला करण्याची व वाटण्याची परवानगी लेखी देणे. फुकट देणे आणि खुले करणे या दोन गोष्टी त्यामुळे वेगळ्या ठरतात. फुकट दिलेला मसाला उद्या बंद होऊ शकतो. एकदा दिलेली कृती परत मागता येत नाही.

आता मराठी अक्षरांकडे वळू. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम याने देवनागरीचे ठसे घडवले. त्या छापखान्याकडे पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा छापखाना उभा केला आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. जावजी दादाजी (१८३९-१८९२) हे लहानपणी मिशनच्याच छापखान्यात टाइप घासण्याच्या कामाला लागले. राणोजी रावजी आरू हा ठसे कोरणारा अव्वल कारागीर त्यांना जोडीदार लाभला. १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना निघाला आणि निर्णयसागरी टाइपाचे वळण पुढे देशातील अनेक छापखान्यांत जाऊन बसले.

या व्यवहारात मालकी कोठवर चाले ते पाहण्यासारखे आहे. अक्षराचा पोलादी ठसा आणि त्यावरून केलेला साचा ओतशाळेच्या ताब्यात असे. त्या साच्यातून पाडलेले शिशाचे खिळे मात्र पैसे टाकील त्याला मिळत. एकदा खिळे घेतले की छापखान्याचा जुळारी त्यांतून पंचांग जुळवो, नाटक जुळवो की मालकांवर टीका करणारे पत्रक जुळवो, ओतशाळेला विचारावे लागत नसे. आणि छापलेला कागद वाचणाऱ्याला तर खिळ्यांशी काहीच कर्तव्य नव्हते. डोळे आणि अक्षरओळख एवढे पुरे होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून मुंबईत 'दीनबंधु' चालवले आणि गिरणी कामगारांची गाऱ्हाणी छापली. असे पत्र निघू शकले याला लोखंड्यांची हिंमत हे पहिले कारण खरेच. पण मराठी अक्षर बाजारात खुलेपणी मिळत होते, हेही एक कारण आहे. सारांश, शिशाच्या युगात मालकाचे कुलूप ओतशाळेच्या दारावर होते. ते वाचकाच्या घरापर्यंत येत नव्हते.

संगणक आला आणि कुलूप घरापर्यंत आले. ते कसे, हे नीट सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत गल्लोगल्ली जी मराठी टंकलेखनाची दुकाने निघाली, त्यांतल्या संगणकांना बहुधा मराठी कळतच नसे. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. एका जागी काना, दुसऱ्या जागी अर्धा 'क', तिसऱ्या जागी वेलांटी. यंत्र आपल्या समजुतीने इंग्रजीच साठवी. पडद्यावर आणि कागदावर मात्र मराठी दिसे. कोणता तुकडा कोणत्या जागी ठेवायचा हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवी. त्यामुळे एका कंपनीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला, की अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग दिसे. शिवाय पुष्कळ सॉफ्टवेअरबरोबर हार्डवेअर लॉक येई, म्हणजे संगणकाच्या पाठीमागे खोचायची एक डबी. डबी काढली की सॉफ्टवेअर बंद.

आमच्या संघटनेच्या दप्तरात त्या काळातील मागणीपत्रे आणि कराराचे मसुदे अशा फायलींत पडून आहेत. ज्या फॉन्टमध्ये त्या टाइप झाल्या तो विकणारे दुकान केव्हाच उठले, डबी जुन्या यंत्राबरोबर गेली, आणि आज फाइल उघडली की अक्षरांची खिचडी समोर येते. काही फॉन्टसाठी रूपांतराची साधने निघाली. या फॉन्टसाठी आम्हांला ते मिळाले नाही. कागदी प्रती जपून ठेवल्या म्हणून काम भागते. कलमे कामगारांनी झगडून मिळवली, मसुदा आमच्या माणसाने लिहिला, टाइप करण्याची मजुरी आम्ही दिली. आणि ते वाचण्याची किल्ली तिसऱ्याच्याच खिशात राहिली. अशी दप्तरे पतपेढ्यांत आहेत, ग्रंथालयांत आहेत, छोट्या प्रकाशकांकडे आहेत. मालकाने कुलूप काढावे की नाही, हा प्रश्न मालकाचा खासगी प्रश्न उरत नाही तो येथे.

या गोंधळावर पहिला उतारा सार्वजनिक संकेताचा निघाला. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचा संकेत ठरला आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानक म्हणून नोंदला गेला. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या धर्तीवर आहे. युनिकोडात 'क' या अक्षराला २३२५ हा क्रमांक आहे. पुण्यात टाइप केलेला 'क' पॅरिसमध्येही २३२५ च राहतो. विंडोज २००० मध्ये या संकेताप्रमाणे देवनागरी आली, आणि तिच्याबरोबर 'मंगल' हा फॉन्ट आला. तो घडवणारे प्रा. र. कृ. जोशी कोल्हापूरचे.

परंतु संकेत म्हणजे केवळ क्रमांक. डोळ्यांना दिसते ते रूप फॉन्ट देतो, आणि फॉन्ट ही पुन्हा कोणाच्या तरी मालकीची वस्तू. 'मंगल' विंडोजबरोबर मिळे. जो विंडोज घेत नाही त्याला तो उचलून नेण्याचा हक्क नव्हता. लिनक्स ही खुली यंत्रणा वापरणाऱ्यांजवळ स्वयंसेवकांनी तयार केलेले काही फॉन्ट होते, पण धंद्यातल्या कसबी हातांनी घडवलेला, खात्रीने वापरता येईल असा संच हवा होता.

अशा वेळी २००४ मध्ये 'लोहित' आले. लिनक्सचा व्यवसाय करणाऱ्या रेड हॅट या अमेरिकन कंपनीने भारतीय लिप्यांचे हे फॉन्ट जीपीएल या परवान्याखाली जगाला खुले केले. ते तिला मिळाले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून. श्री-लिपी हे सॉफ्टवेअर विकणारी कंपनी म्हणून मराठी छपाईच्या धंद्यात हिचे नाव सर्वांना ठाऊक आहे. लोहित म्हणजे लाल, आणि रेड हॅट म्हणजे तांबडी टोपी. लाल रंगाशी आम्हा कामगार कार्यकर्त्यांचे जुने नाते असले, तरी या लालीमागे क्रांती नव्हती, रोकडा हिशेब होता. तो हिशेब समजला तर आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

जीपीएल हा परवाना रिचर्ड स्टॉलमन यांच्या चळवळीतून आला. अमेरिकेत १९८३ मध्ये त्यांनी संपूर्ण खुली संगणक यंत्रणा उभारण्याचा संकल्प जाहीर केला, आणि १९८९ मध्ये हा परवाना लिहिला. त्यातील मेख अशी, की वस्तू घ्या, बदला, विकासुद्धा. पण बदललेली वस्तू पुढे दिलीत तर तिची कृतीही त्याच अटीवर पुढे द्या. विहिरीचे पाणी भरा, पण विहिरीवर झाकण घालू नका. रेड हॅटला हे परवडत होते, कारण तिचे पोट प्रतींच्या विक्रीवर नव्हते. मोठ्या कचेऱ्या आणि बँका यांच्या यंत्रणा चालू ठेवण्याचे वार्षिक करार ती करी. भारतीय लिप्या नीट दिसल्या तर तिच्या यंत्रणेला भारतात गिऱ्हाईक वाढणार होते. खुलेपणावर उभ्या राहिलेल्या या कंपनीला आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरना विकत घेतले. खुले करणारा भिकेला लागतो, या समजुतीला एवढे उत्तर पुरे आहे. तसेच, मॉड्युलरचे फॉन्ट खुले झाले म्हणून श्री-लिपी खुली झाली नाही. तिची विक्री चालूच राहिली. म्हणजे सगळे खुले किंवा सगळे बंद, असा निर्णय करावा लागत नाही. घराची ओसरी सर्वांना, माजघर आपल्याला, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे.

या गोष्टीला एक पुरवणी आहे. फॉन्ट ही वस्तू दस्तऐवजाच्या पोटात शिरून प्रवास करते. मग जीपीएलचा फॉन्ट वापरलेल्या पुस्तकावरही जीपीएलची अट लागू होते काय, अशी शंका लोक काढू लागले. परवान्याचे शब्द यंत्रासाठी लिहिलेले होते, अक्षरासाठी नव्हे. अखेर २०११ मध्ये लोहितचा परवाना बदलून फक्त फॉन्टसाठी तयार केलेला ओएफएल हा परवाना लावला गेला. त्यात स्पष्ट म्हटले आहे, की या फॉन्टने लिहिलेला मजकूर लिहिणाऱ्याचाच राहील. फॉन्ट इतर सॉफ्टवेअरबरोबर देता येईल. नुसता फॉन्ट मात्र विकता येणार नाही. खुले करण्याचा निर्णय चांगल्या मनाने झाला तरी कागद चुकला तर घोटाळा होतो. वेतनकराराच्या वाटाघाटीत बसलेल्या कोणालाही हे पटेल. शब्द तोंडी कितीही गोड असो, मोजला जातो तो कलमातला.

पुढे ही वाट मळली. मुंबईच्या एक टाइप या गटाने 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट घडवले. गूगलच्या खुल्या फॉन्टसंग्रहात ते आहेत आणि लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत कोणीही ते वापरू शकतो. राणोजी आरूंच्या मुंबईत अक्षर घडवणारे हात आजही आहेत, आणि त्यांचे काम आता साच्यासकट लोकांना मिळते आहे.

आता प्रश्न उरतो, मालक हा निर्णय नेमका केव्हा घेतो? जगाचा इतिहास पाहिला तर मुख्यतः तीन प्रसंग दिसतात.

पहिला प्रसंग स्पर्धेत हरण्याचा. इंटरनेटचा न्याहाळक विकणाऱ्या नेटस्केप कंपनीचा बाजार मायक्रोसॉफ्टने आपला न्याहाळक विंडोजबरोबर फुकट देऊन खाल्ला. तेव्हा २२ जानेवारी १९९८ रोजी नेटस्केपने आपला मूळ मजकूर खुला करण्याचे जाहीर केले आणि ३१ मार्चला तो दिला. एवढ्याने कंपनी वाचली नाही. ती एओएलने घेतली, आणि २००३ मध्ये तिचा बहुतेक कामगारवर्ग कमी केला. पण काम वाचले. त्यातूनच मोझिला ही संस्था उभी राहिली आणि २००४ मध्ये फायरफॉक्स बाहेर पडला. एक खोच येथे लक्षात ठेवली पाहिजे. जुना मजकूर इतका गुंतागुंतीचा होता, की खुला झाल्यावर त्याचा मोठा भाग टाकून नव्याने लिहावा लागला. माळ्यावरची अडगळ अंगणात आणून टाकली म्हणजे दान होत नाही. घेणाऱ्याला उचलता येईल अशी ती लावून द्यावी लागते.

दुसरा प्रसंग बुडण्याचा. त्रिमितीय चित्रे आणि चित्रपट करण्याचे ब्लेंडर हे सॉफ्टवेअर हॉलंडमध्ये टोन रोझेनडाल यांच्या कंपनीने केले. २००२ मध्ये पैसे घालणाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि कंपनी बंद पडली. सॉफ्टवेअरचे हक्क त्यांच्याकडे अडकले. तेव्हा रोझेनडाल यांनी वापरणाऱ्यांना आवाहन केले, आणि एक लाख युरो वर्गणीतून सुमारे सात आठवड्यांत जमले. हक्क सुटले, आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर जीपीएलखाली खुले झाले. 'फ्लो' या लाटव्हियाच्या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले, तो चित्रपट ब्लेंडरवर केलेला आहे.

हे वाचताना मुंबईच्या कामगाराला कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज आठवल्यावाचून राहणार नाही. मालकांच्या कलहात १९८५ मध्ये तो कारखाना बंद पडला. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १९८८ मध्ये मंजूर झालेल्या योजनेने तो कामगारांच्या सहकारी संस्थेच्या ताब्यात आला. फार मोठा विजय होता तो. पुढे काही वर्षांनी भांडवल आणि बाजार यांच्या ओढाताणीत तोही अडचणीत सापडला. ब्लेंडर आणि कमानी यांच्यात फरक वस्तूचा आहे. कमानीची यंत्रे एका जागी होती. ती चालवायला तांबे लागे, वीज लागे, खेळते भांडवल लागे. ब्लेंडरची प्रत घेऊन जगात कोठेही कोणीही कामाला बसू शकत होता. कारखाना ताब्यात घेणे कामगारांना अवघड जाते. सॉफ्टवेअर ताब्यात घेणे त्या मानाने सोपे आहे. मालक बुडत असेल तर ही वाट त्याने मोकळी करावी, एवढीच मागणी आहे.

तिसरा प्रसंग धंद्याच्या धोरणाचा. मुंबईत २००८ मध्ये रुषभ मेहता यांनी सुरू केलेली कंपनी आज फ्रॅपे नावाने ओळखली जाते. हिशेब, खरेदी-विक्री, गोदामातला माल, कामगारांचे पगारपत्रक अशी लहानमोठ्या उद्योगाची सर्व कामे सांभाळणारे ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर तिने केले आणि जीपीएलखाली खुले ठेवले. ज्याला स्वतः बसवता येते तो पैसा न देता बसवतो. ज्याला आपल्या यंत्रावर सांभाळण्याची यातायात नको तो कंपनीला मासिक पैसे देतो. हरल्यामुळे किंवा बुडाल्यामुळे येथे दार उघडले गेले नाही. धंद्याची रीतच तशी ठरवली गेली.

येथवर मी खुलेपणाची बाजू मांडली. आता तिच्या पायाखाली काय जळते तेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी माझ्या व्यवसायाला बेइमान ठरेन. आज आपण ऐकत आहात हे व्याख्यान फुकट आहे. पण मंडपाचे भाडे, ध्वनिक्षेपकाचे पैसे, सतरंज्या घालणाऱ्याची मजुरी हे कोणीतरी भरले आहे. खुले सॉफ्टवेअरही तसेच फुकट असते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरात हार्टब्लीड नावाचे भगदाड सापडले. बँकेचा व्यवहार असो की टपाल, इंटरनेटवरील गुप्त संदेशांची राखण जगातील असंख्य यंत्रे याच सॉफ्टवेअरवर सोपवून निश्चिंत होती. त्याच्या देखभालीवर पूर्णवेळ काम करणारा मनुष्य होता एक, आणि वर्षाला देणगी येत होती सुमारे दोन हजार डॉलर. अब्जावधींचा धंदा ज्या खांबावर उभा, त्या खांबाला टेकू देणाऱ्याची ही मजुरी. बभ्रा झाला तेव्हा मोठ्या कंपन्यांनी पैसे काढले. तरी २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या दुसऱ्या साधनात चोरवाट सापडली. एकटा, थकलेला सांभाळणारा माणूस हेरून, मदतनीस म्हणून वर्षानुवर्षे विश्वास मिळवून कोणीतरी ती पेरली होती. माणूस एकटा आणि दमलेला असला की चोराला दार सापडते, हे रात्रपाळीच्या कोणत्याही पहारेकऱ्याला विचारा.

आणखी एक अन्याय यात आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीत केलेल्या लेखनाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाची आज्ञावलीही या कायद्याच्या दृष्टीने लेखन ठरली. म्हणजे ज्याने रात्री जागून ती लिहिली, त्याला ती खुली करावी की नाही हे विचारण्याचे कारणच नाही. बंद ठेवली तर तो नोकरी सोडताना आपल्याच कामाची एक ओळ नेऊ शकत नाही. खुली केली तर त्याचे नाव आणि काम जगाला दिसते, आणि पुढच्या मालकाकडे जाताना तो आपले कसब उघड दाखवू शकतो. या दृष्टीने खुलेपणा कारागिराच्या हिताचा आहे. पण 'आता स्वयंसेवक सांभाळतील' म्हणून त्याच कारागिराला कामावरून काढले, तर ते दान कामगाराच्या पगारातून दिलेले दान होय.

काही मालकांनी खुले केलेले दार पुन्हा लावूनही पाहिले आहे. शोधाचे सॉफ्टवेअर करणाऱ्या इलॅस्टिकने २०२१ मध्ये आपला परवाना आवळला. तक्रार अशी, की ॲमेझॉन आपलेच सॉफ्टवेअर घेऊन त्यावर सेवा विकते. तक्रारीत तथ्य नव्हते असे नाही. पण आधी दिलेली प्रत परत घेता येत नाही. ॲमेझॉनने तीच घेऊन ओपनसर्च नावाने वेगळी चूल मांडली. २०२४ मध्ये इलॅस्टिकने पुन्हा खुला परवाना जोडला. मधल्या काळात गिऱ्हाइकांचा आणि मदतनिसांचा जो विश्वास उडाला, तो परवान्याबरोबर परत येतो असे नाही. दिलेला शब्द फिरवला की पुढच्या वाटाघाटीत त्याची किंमत मोजावी लागते.

मग मालकाने काय करावे? माझे उत्तर असे आहे. ज्या वस्तूवर इतरांची लिहिलेली कागदपत्रे, हिशेब आणि स्मृती अवलंबून आहेत, तिच्यात ती उघडण्याची किल्ली मालकाने एकट्याच्या खिशात ठेवू नये. फॉन्ट, फाइलींची मांडणी, वाचण्याचे साधन हे तरी खुले असावे. त्यापलीकडचे माजघर खुले करायचे की नाही, हा त्याच्या धंद्याचा हिशेब. तो त्याने करावा. मात्र करताना देखभालीचा पगार कोठून येणार हे लिहून ठेवावे, परवाना वस्तूला साजेसा निवडावा, वस्तू इतरांना हाताळता येईल अशी करून द्यावी, आणि ज्यांनी ती घडवली त्यांना आधी विचारावे. या चार गोष्टी झाल्या तर खुलेपणा टिकतो. राणोजी आरूंचा ठसा चांगला होता एवढ्यावर निर्णयसागर चालला नसता. कारागिराला काम आणि छापखान्याला गिऱ्हाईक मिळत राहिले म्हणून तो चालला.

आपल्यापैकी फार थोडे जण सॉफ्टवेअरचे मालक असतील. विकत घेणारे मात्र पुष्कळ आहेत. मीरा रोडच्या गृहसंस्थांचे हिशेब, भाईंदरच्या पतपेढ्यांची खाती, गाळ्यांतल्या कामगारांची हजेरी आज कोणत्या ना कोणत्या सॉफ्टवेअरात आहे, आणि त्याचे वार्षिक पैसे आपण भरतो. आपल्या संस्थेच्या पुढच्या वार्षिक सभेत कार्यकारिणीला एक प्रश्न अवश्य विचारा, आणि त्यांनी तो विकणाऱ्याला लेखी विचारावा असा ठराव करून घ्या: उद्या तुम्ही दुकान बंद केलेत, तर आमचे दप्तर आम्हांला उघडता येईल काय? उत्तर टाळले गेले, तर करारावर सही करण्यापूर्वी थांबा.